बराकीतली बंदूक आणि घरातली बंदूक

किलीन, टेक्सास

अमेरिकेत बंदूक घेणं किती सोपं आहे, हे दारव्ह्याच्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. पण याच देशात अशीही एक जागा आहे, जिथे वीस वर्षांच्या मुलाने स्वतःच्या पगारातून घेतलेली बंदूक त्याला स्वतःच्या खोलीत ठेवता येत नाही. ठेवलेली सापडली तर त्याच्यावर कारवाई होते. ती जागा म्हणजे लष्कराची बराक. ज्याला सरकार बंदूक चालवायला शिकवतं, युद्धावर पाठवतं, त्याच्याच उशापासून ती लांब ठेवतं. या नियमामागचं कारण नुसतं शिस्तीचं नाही, आणि ते आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या फार जवळचं आहे. म्हणून हे पत्र.

किलीन हे फोर्ट हूड या लष्करी तळाच्या कुंपणाला लागून वाढलेलं शहर. तळ १९४२चा, आज तिथे तीस हजारांहून जास्त सैनिक आहेत. २०२३मध्ये त्याचं नाव फोर्ट कवाझोस झालं आणि २०२५मध्ये पुन्हा फोर्ट हूड, या वेळी दुसऱ्याच एका हूडच्या नावाने. त्या राजकारणावर पुन्हा कधीतरी.

आपल्याकडे परवान्याची बंदूक असते ती बऱ्याचदा पिकाच्या राखणीसाठी. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत वावर उद्ध्वस्त करतात. जागलीला जाणाऱ्याजवळ टॉर्च आणि फटाके असतात, एखाद्याकडे भरमार बंदूक. तिलाही १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची नोटीस येते. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त शस्त्रं ठेवता येत नाहीत. टेक्सासचा शेतकरीही रानडुकरांनी हैराण आहे. इथे त्यांची संख्या लाखांत मोजतात. पण जमीनमालकाची संमती असली की खासगी रानात डुक्कर मारायला २०१९पासून शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. कायद्याने अपात्र नसलेल्या, २१ वर्षांवरच्या माणसाला कमरेला पिस्तूल लावून फिरायला सप्टेंबर २०२१पासून वेगळा परवाना लागत नाही. रायफल तर अठराव्या वर्षी दुकानात मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये हेलर खटल्यात सांगितलं, की घरातली बंदूक कायम कुलूपबंद किंवा सुटी करून ठेवा अशी सक्ती सरकारला करता येणार नाही, कारण मग ती स्वसंरक्षणाच्या कामाची राहणार नाही.

तळाच्या फाटकातून आत गेलं की नियम बदलतात. आत आणलेल्या प्रत्येक खासगी बंदुकीची नोंद करावी लागते. ती मोटारीतून नेताना रिकामी हवी, गोळ्या वेगळ्या हव्यात, आणि शिकारीला किंवा नेमबाजीला जायचं ते सरळ जायचं, सरळ परत यायचं. राज्याच्या कायद्याने बाहेर दिलेली मोकळीक इथे चालत नाही. आणि बिनलग्नाचा, बराकीत राहणारा सैनिक असेल तर त्याची बंदूक राहते कंपनीच्या आर्म्स रूममध्ये, जिला आपले फौजी कोत म्हणतात.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम लागतो. शुक्रवारी दुपारनंतर या आर्म्स रूमच्या गजांच्या खिडकीपुढे पोरं उभी राहतात. आत आर्मरर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा. सैनिकाला वरिष्ठाची परवानगी घ्यावी लागते आणि जवळ एक छोटं कार्ड ठेवावं लागतं. त्यावर बंदुकीचा प्रकार, तिचा नंबर आणि मालकाचं नाव. कार्ड आत जातं. आर्मरर मांडणीवरून बंदूक काढतो, ती रिकामी असल्याची खात्री करतो, नंबर वाचून कार्डाशी ताडून पाहतो, वहीत वेळ टाकतो, सही घेतो आणि मग ती खिडकीतून बाहेर देतो. गोळ्या वेगळ्या ठेवलेल्या असतात, त्या वेगळ्या मागायच्या. परत आल्यावर हेच उलट क्रमाने: बंदूक आत, कार्ड बाहेर. सरकारी रायफलींची नंबरनिशी मोजणी होते, तेव्हा या खासगी बंदुकाही त्यांच्याबरोबर मोजल्या जातात.

याला वेळ लागतो. आर्मरर जेवायला गेलेला असतो, सार्जंट फोन उचलत नाही, संध्याकाळ टळून जाते. पोरं कुरकुरतात, आणि स्वतःची वस्तू मागायला दहा जणांना विचारावं लागलं की कुणीही कुरकुरेल. पण हा वेळ जाणं हाच या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा गुण आहे असं माझं मत झालं आहे. रात्री दोन वाजता, दारूच्या नशेत किंवा घरून आलेल्या एखाद्या फोननंतर, ही खिडकी बंद असते.

लग्न झालं की सैनिकाला तळावरच कुटुंबासाठी क्वार्टर मिळू शकतं. तिथे तो आपली बंदूक घरात ठेवू शकतो. नोंद आवश्यक, ती रिकामी आणि कुलपात ठेवायची, गोळ्या वेगळ्या, असे बहुतेक तळांचे नियम. पण नियम तळागणिक बदलतात आणि रोज कुणी घरात डोकावायला येत नाही. कुलपं फुकट वाटतात. असं एक कुलूप माझ्यासमोर टेबलावर आहे: हातभर लांबीची, प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी दोरी आणि तिच्या टोकाला बॅगेला लावतो तेवढं छोटं कुलूप. दोरी बंदुकीच्या आतून ओवून घेतली की तिच्यात गोळी भरता येत नाही. लहान मुलांच्या हातून होणारे अपघात टाळायला हे पुष्कळ आहे. मोठ्या माणसासाठी त्याची किल्ली त्याच्याच खिशात असते.

आणि तिसरा प्रकार, सगळ्यात मोठा: तळाबाहेर किलीनमध्ये भाड्याने राहणारे. त्यांच्या घरातल्या बंदुकीवर लष्कराचा काहीच अधिकार नाही. ५ नोव्हेंबर २००९ला फोर्ट हूडमध्ये लष्कराच्याच एका मेजरने, जो स्वतः मनोविकारतज्ज्ञ होता, गोळीबार करून १३ जणांचा जीव घेतला. तो किलीनमध्ये भाड्याने राहत होता आणि पिस्तूल त्याने गावातल्याच दुकानातून घेतलं होतं. २ एप्रिल २०१४ला पुन्हा तसंच घडलं: तळाबाहेर राहणाऱ्या सैनिकाने गावातून घेतलेलं, नोंद न केलेलं पिस्तूल आत नेलं, तिघांना मारलं आणि मग स्वतःला.

पहिल्या घटनेनंतर काही अधिकाऱ्यांनी बाहेर राहणाऱ्या सैनिकांनाही विचारायला सुरुवात केली: तुझ्या घरी बंदुका किती, कुठे ठेवतोस? ही विचारणा बंदूकवाल्यांच्या संघटनांना खपली नाही. जानेवारी २०११मध्ये सही झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात संसदेने कलम घातलं, की सैनिकाच्या तळाबाहेरच्या कायदेशीर खासगी बंदुकीची माहिती संरक्षण खात्याने गोळा करायची नाही. त्याचा अर्थ काय झाला पाहा. कंपनी कमांडर हा बहुतेक वेळा तिशीच्या आसपासचा कॅप्टन. शंभरेक पोरं त्याच्या हाताखाली. त्यातला एक आठवडाभर धड जेवला नाही, कुणाशी बोलत नाही, हे त्याला दिसतं, आणि घरी बंदूक आहे का, एवढंही विचारताना त्याला कायद्याची धास्ती. निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी यावर आवाज उठवला. जानेवारी २०१३च्या कायद्यात दुरुस्ती झाली: सैनिक स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला अपाय करेल असं मानायला सबळ कारण असेल, तर कमांडर आणि मानसोपचार करणारे हा प्रश्न विचारू शकतात. दोन वर्षं मधे गेली. त्या दोन वर्षांत किती घरांत हा प्रश्न विचारायचा राहून गेला असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटतं.

कारण अमेरिकन सैन्यात माणसं सगळ्यात जास्त मरतात ती शत्रूच्या गोळीने नव्हे. संरक्षण खात्याच्या स्वतःच्या अहवालानुसार २०२२मध्ये ४९३ आणि २०२३मध्ये ५२३ सैनिकांनी आत्महत्या केली. साधारण तीनात दोन बंदुकीने, आणि त्या बंदुका बहुतेक खासगी मालकीच्या, म्हणजे ज्या आर्म्स रूममध्ये नव्हत्या त्या. तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३मध्ये १२७ शिफारशी दिल्या. लष्करी क्वार्टरमधल्या सगळ्या खासगी बंदुकांची नोंद करा, तळावरच्या दुकानात बंदूक विकायचं किमान वय २५ करा, पैसे भरल्यापासून सात दिवसांनी बंदूक हातात द्या. होय, तळावरच्या लष्करी दुकानांतही बंदुका मिळतात. ऑस्टिन यांनी बऱ्याच शिफारशी उचलल्या, पण वयाची आणि सात दिवसांची अट त्यांत आली नाही. बंदूक हा घटनेने दिलेला हक्क, आणि जो देशासाठी लढतो त्याचाच हक्क इतरांपेक्षा कमी का, हा इथला युक्तिवाद. तो पोकळ नाही. माझ्या ओळखीतले अनेक सैनिक तो मनापासून मांडतात. तरीही सात दिवस थांबल्याने हक्क जात नाही, जीव मात्र वाचू शकतो, असंच मला वाटतं.

हे वाटणं हवेतलं नाही. इस्रायलमध्ये सक्तीची लष्करी सेवा करणारी अठरा ते एकवीस वर्षांची मुलं सुट्टीला घरी जाताना रायफल बरोबर नेत. २००६मध्ये तिथल्या सैन्याने ठरवलं, की आठवड्याअखेरच्या सुट्टीत रायफल तळावरच राहील. त्यानंतर त्या वयाच्या सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्या. घट झाली ती सुट्टीच्या दिवसांत, आणि आठवड्याच्या बाकीच्या दिवसांत त्या वाढल्या नाहीत. ज्याला मरायचंच आहे तो काहीतरी मार्ग शोधतोच, हे वाक्य आपण किती सहज बोलतो. मरणाचा तो झटका बहुतेकांच्या बाबतीत थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

आता आपल्याकडे येतो. आपल्या जिल्ह्यात सहसा हाताशी बंदूक नसते, फवारणीचं औषध असतं. कापूस-सोयाबीनच्या हंगामात ते घराघरात येतं आणि उरलेला डबा पुढच्या फवारणीसाठी माळ्यावर, गोठ्यात, कधी तर पलंगाखाली राहतो. जुलै २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात यवतमाळ होतं. त्यानंतरही कर्ज, भाव, सिंचन यांवर खूप बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं, कारण मूळ दुखणं तिथेच आहे. २०१७च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा या औषधांचा जहालपणा देशाला कळला. पण उरलेला डबा रात्री कुठे असतो, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला.

श्रीलंकेने या बाबतीत बरंच करून पाहिलं आहे. एकेक जहाल कीटकनाशक बंद करत गेल्यावर १९९५ ते २०१५ या काळात तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. त्याच देशात १८० गावांत दुसराही प्रयोग झाला: काही गावांतल्या घरांना औषध ठेवायला कुलपाच्या पेट्या दिल्या, बाकीच्यांना दिल्या नाहीत. २०१७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि दोन्हीकडे फरक काही दिसला नाही. पेटी घरात, किल्लीही घरात. लष्करी क्वार्टरमधल्या त्या पोलादी दोरीचं दुखणं हेच आहे. तामिळनाडूत कडलूर जिल्ह्यातल्या काट्टुमन्नारकोइल भागात मात्र गावासाठी एकच सामायिक कोठार बांधून सगळ्यांची औषधं तिथे ठेवायचा प्रयोग झाला. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, फवारणीच्या दिवशी न्यायचं. दोनच गावांचा छोटा प्रयोग, पण शेजारच्या गावांच्या मानाने तिथे औषध पिण्याचे प्रकार कमी झाले. कंपनीच्या आर्म्स रूमचीच ही शेतकऱ्यांसाठीची रचना आहे आणि तिला लष्कराचा खर्च लागत नाही. ग्रामपंचायतीची एक खोली, एक जबाबदार माणूस आणि एक वही पुरते. दारव्हा तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेने या हंगामाआधी हा विषय घ्यावा, कृषी सेवा केंद्रवाल्यांनी त्यात पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

इथल्या सैनिकाच्या बायकोला एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते: नवऱ्याचं लक्षण ठीक दिसत नसेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, कमांडरशी बोला, बंदूक काही दिवस आर्म्स रूममध्ये ठेवून घ्यायची सोय करता येते. शिक्षा नाही, जप्ती नाही, बरं वाटलं की परत. आणि रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर ९८८ लावून १ दाबायचा, म्हणजे सैनिकांसाठीची मदतवाहिनी लागते. आपल्याकडे केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फोन मोफत, दिवसरात्र, आणि तिथे मराठीत बोलता येतं. औषधाच्या दुकानात, बाजार समितीच्या फलकावर, एसटी स्टँडवर हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.