चिखल आणि खडक
(नभोवाणीवरील भाषण)

हॉलंड हा देश समुद्राशीं झुंजण्याबद्दल प्रसिद्ध आहे, डोंगरांबद्दल नव्हे. त्याच्या युरोपांतील भूमीवर सर्वांत उंच जागा म्हणजे व्हाल्सरबर्ग ही टेकडी, तिची उंची सुमारें ३२२ मीटर. असें असूनहि १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिकमध्यें डोंगरी सायकलींची शर्यत प्रथमच झाली, तेव्हां पुरुषांचें सुवर्णपदक बार्ट ब्रेंत्येन्स या डच स्वारानेंच पटकावलें. त्याच वर्षीं आद्री व्हान डेर पूल हा दुसरा डच स्वार सायक्लो-क्रॉसचा जगज्जेता झाला. आद्रीचा मुलगा मात्यू तेव्हां एक वर्षाचा होता. पुढें दोन्ही विद्यांत अग्रपूजेचा मान मिळवावा असा हव्यास त्यानें धरला, त्याची ही हकीकत आहे.

या दोन खेळांतील भेद प्रथम सांगितला पाहिजे. सायक्लो-क्रॉस हा हिवाळ्यांतील खेळ. शेतें, वाळू, चिखल यांतून सुमारें तासभर फेऱ्या मारावयाच्या आणि टायर ३३ मिलिमीटरहून रुंद असावयाचा नाहीं. वाट चालेनाशी झाली कीं स्वार खालीं उतरतो, सायकल खांद्यावर टाकून धांवतो आणि धांवतां धांवतांच पुन्हां तिच्यावर बसतो. चिखलानें भरलेली सायकल ठराविक जागीं टाकून धुतलेली दुसरी घेण्याचीहि मुभा असते. डोंगरी शर्यतींत टायर रुंद असतात, धक्के शोषणारी योजना असते. परंतु सायकल बदलतां येत नाहीं, आणि दगडांच्या उभ्या उतारावर चाक कोठें टाकावें याचा निर्णय निमिषांत करावा लागतो.

मात्यूचा जन्म १९ जानेवारी १९९५ रोजीं बेल्जममधील कापेलन येथें झाला. त्याची आई कोरीन ही रेमों पुलिदोर या विख्यात फ्रेंच स्वाराची कन्या. पुलिदोर टूर द फ्रान्समध्यें तीनदां दुसरा व पांचदां तिसरा आला, पण आघाडीवीराचा पिवळा सदरा त्याला एक दिवसहि लाभला नाहीं! नातवानें २०१५ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, ताबोर येथें सायक्लो-क्रॉसचें जगज्जेतेपद मिळवलें. २०२५ सालीं लिएव्हाँ येथें सातवें मिळवून त्यानें बेल्जमच्या एरिक द व्लामिंकची बरोबरी केली. डोंगरी सायकलीवरहि तो कच्चा नव्हता. २०१८ सालीं जागतिक स्पर्धेंत तो तिसरा आला व २०१९ सालीं युरोपचा विजेता ठरला.

२०२१ सालच्या टूरमध्यें म्यूर-द-ब्रेतान्यच्या चढावर विजय मिळवून त्यानें तो पिवळा सदरा अंगावर चढवला. आजोबा २०१९ सालींच वारले होते. मात्यूला अश्रू आवरले नाहींत. सहा दिवस सदरा त्याच्याकडे राहिला. तो गेल्यावर दुसऱ्याच दिवशीं त्यानें टूर सोडली आणि टोकियो ऑलिंपिकची डोंगरी शर्यत जिंकण्याची तयारी आरंभली.

२६ जुलै रोजीं इझू येथें पहिल्याच फेरींत एका मोठ्या खडकावरून उतरतांना तो जोरानें आपटला. सरावाच्या वेळीं तेथें लांकडी उतरण होती, ती शर्यतीसाठीं काढलेली होती. ती असेलच अशा समजुतीनें तो गेला. टॉम पिडकॉक हा इंग्रज स्वार सुवर्णपदक घेऊन गेला आणि मात्यूला शर्यतहि पुरी करतां आली नाहीं. मला वाटतें, या दोन खेळांचें अंतर येथें दिसतें. चिखलाची वाट दर फेरीस बदलते, म्हणून स्वार तिच्याकडे प्रत्येक वेळीं नव्यानें पाहतो. खडक मात्र काल होता तसाच आज असेल असा विश्वास वाटतो, आणि तेथेंच घात होतो.

६ ऑगस्ट २०२३ रोजीं ग्लासगो येथें रस्त्यावरील जागतिक शर्यतींत तो पावसांत पडला, उठला आणि तुटक्या बुटानिशीं विजयी झाला. सहाच दिवसांनीं ग्लेंट्रेसच्या रानांत डोंगरी शर्यतीच्या आरंभींच पुन्हां पडला व माघारी फिरला. तेथेंहि पिडकॉकच जिंकला. सप्टेंबर २०२५ मध्यें स्वित्झर्लंडमधील जागतिक डोंगरी शर्यतींत त्याचा क्रमांक २९ वा लागला. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें त्यानें पारी-रूबे ही दगडी रस्त्यांची शर्यत लागोपाठ तिसऱ्यांदां जिंकलेली होती.