गाभाऱ्यातला काळोख

महाडच्या शिवेवर, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या डोंगरात, गांधारपाल्याची लेणी आहेत. वैशाखातल्या दुपारी पायऱ्या चढून आलेला प्रवासी पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात डोकावतो, काळोखाखेरीज काही दिसत नाही असे पाहून ‘आत काहीच नाही’ असा निकाल देतो आणि माघारी वळतो, याचे मला फार वाईट वाटते. कारण तो आणखी दहा मिनिटे तेथेच थांबता, तर प्रथम शिळेची कड आणि मग तिच्यावर कोरलेली बुद्धमूर्ती त्याच काळोखातून हळूहळू त्याच्यासमोर प्रकट झाली असती.

बाहुली विस्फारते म्हणून हे घडते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. परंतु दोनपासून आठ मिलिमीटरपर्यंत विस्तारून बाहुली फार तर सोळापट प्रकाश आत घेते, आणि दुपारचे ऊन व चांदण्यांचा उजेड यांत तर कोट्यवधी पटींचे अंतर असते. खरा बंदोबस्त दृष्टिपटलातील पेशींकडे आहे: उजेडाचा अंमल चालविणाऱ्या सुमारे साठ लक्ष शंकुपेशी, आणि मंद प्रकाशासाठी तैनात असलेल्या त्यांच्या कितीतरी पट दंडपेशी. उन्हात दंडपेशींतील ऱ्होडॉप्सिन हे जांभळट रंगद्रव्य विरंजित होते. ते पुन्हा घडविण्यास जीवनसत्त्व ‘अ’ लागते (जॉर्ज वाल्ड यांना या संशोधनाबद्दल १९६७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले), आणि त्याचा तुटवडा पडला की रातांधळेपणा येतो. काळोखात शंकुपेशी दहाएक मिनिटांत आपली शर्थ करून थांबतात. दंडपेशींची तयारी मात्र अर्धा तास, कधी त्याहून अधिक चालते.

उलट, बाहेर येताना डोळे दिपले तरी लगेच सावरतात. प्रकाश पडताच पेशीच्या आवरणातील सूक्ष्म दारे मिटतात आणि आत येणारे कॅल्शियम घटते. ते घटले, की दारे उघडी राखणारे द्रव्य अधिक वेगाने तयार होऊ लागते, काही दारे पुन्हा उघडतात, आणि पेशी नव्या उजेडाची नोंद घेण्यास मोकळी होते.

आत शिरताना मात्र अशी घाई चालत नाही. याच महामार्गावर पोलादपूरपुढील कशेडीचा सुमारे दोन किलोमीटरांचा बोगदा मोटार दोन-तीन मिनिटांत ओलांडते; तेवढ्या अवधीत दंडपेशी कोठून जाग्या होणार? म्हणूनच बोगद्याच्या तोंडाशी दिवसा अधिक प्रखर दिवे ठेवावेत, असा स्थापत्यशास्त्राचा दंडक आहे.

पोलादपूरच्या एखाद्या डोंगरवाडीत अमावास्येच्या रात्री कंदील मालवून अर्धा तास अंगणात बसावे. अंधुक ताऱ्याकडे थेट पाहिले तर तो नाहीसा होतो, कारण दृष्टिपटलाच्या ऐन मध्यबिंदूत दंडपेशी नसतातच. नजर किंचित बाजूला वळविली, की तो तेथेच असतो.