गुन्ह्याची जागा आणि आपण पंच

आंदर मावळात एखाद्या वस्तीवर खून वा दरोडा पडल्याची बातमी फुटली, की पोलिसांच्या आधी गाव तेथे पोचते. वडगावहून निघालेली गाडी कान्हे फाट्यावरून टाकव्याला आणि तेथून वर खांडीकडे जाईपर्यंत दहा जण उंबरा ओलांडून गेलेले असतात. कोणी कोयता उचलून पाहतो, कोणी माउली दयेपोटी जमीन सारवून घेते. मग पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत कितीही विद्वान बसलेले असोत, सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे शिंतोडे कोठून कसे उडाले होते, हे त्यांना सांगता येत नाही.

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट कळत होती. पेशवाईत रामोशी व जागले चोराचा माग काढीत. माग ज्या गावच्या शिवेत शिरे, त्या गावाने तो पुढे चालवावा, नाहीतर नुकसानी भरून द्यावी, असा रिवाज होता. त्यामुळे माग कोणी तुडवू नये याची काळजी अवघ्या गावाला असे. आज त्याच पावलाच्या ठशात प्लास्टर ओतून साचा घेतात. भाताच्या बांधावर उमटलेला ठसा आषाढाच्या पावसात किती टिकणार? त्यावर कोणी एक घमेले पालथे घातले, तरी तपासाचे मोठे काम होते.

बोटांच्या ठशांचे शास्त्र तर आपल्याच देशात वाढले. 1897 साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले. वर्गीकरणाची पद्धत हेन्रीसाहेबाच्या नावाने जगभर गेली, पण तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांची मेहनत होती. राबले कोण आणि नाव कोणाचे, हे आम्हां संघटनेच्या माणसांना नवे नाही!

पुराव्याची बांधाबांधही शिकण्यासारखी आहे. रक्ताने भिजलेला सदरा ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तर तो कुजतो. सावलीत वाळवून कागदात गुंडाळावा लागतो. विषप्रयोगाचा संशय असला, की व्हिसेरा बहुधा मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात. मुद्देमालावर लाखेचे सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लागते. प्रयोगशाळा प्रथम ते सील शाबूत आहे की नाही, हे पाहते. डॉ. रुक्मणी कृष्णमूर्ती 1974 साली मुंबईच्या प्रयोगशाळेत लागल्या आणि पुढे राज्याच्या संचालक झाल्या. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत आर.डी.एक्स. वापरले गेले हे सिद्ध होण्यात याच प्रयोगशाळेचा वाटा होता. परंतु एवढ्या दीर्घ सेवेतला तज्ज्ञही मेजावर जे आले, तेच तपासू शकतो.

आणि ते नीट आले, याची साक्ष पंचाने द्यायची. पंच कोण? तुम्ही-आम्हीच! रोजंदारीवरल्या मजुराला पंच म्हणून उभे केले की त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि वर्षांनंतर कोर्टात पुकारा झाला की पुन्हा बुडतो. तो न वाचताच सही करतो आणि उलटतपासणीत गडबडतो. मग लोक म्हणतात, पंच फितूर झाला. आमच्या मते यात फितुरी थोडी आणि पोटाची अडचण फार.

कारखान्यांतही आम्ही हेच पाहत आलो. यंत्रात कामगाराचा हात गेला, की निरीक्षक येण्यापूर्वी यंत्र धुऊन पुन्हा चालू होते. मग संरक्षक जाळी जागेवर होती की नव्हती, यावर नुसता शब्दांचा खेळ उरतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, पुरावा गोळा करावा व त्याचे चित्रण व्हावे, असे सांगितले आहे. अंमलाची तारीख ठरविण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. तज्ज्ञ पुण्याहून निघून घाटमाथ्याच्या वस्तीवर पोचेपर्यंत दाराशी उभे राहणार ते पोलीस पाटील आणि शेजारचे दोन-चार जण.