कुत्र्या-मांजरांची कोरोना तपासणी काय सांगते?

घरात कोरोनाचा रुग्ण निघाला, की राखणीचे कुत्रे हाकलून द्यावे काय? मुळीच नाही.

हाँगकाँगमध्ये २०२० साली रुग्णांच्या घरांतील १५ कुत्री तपासण्यात आली. दोघांत विषाणू आढळला. पैकी एक सतरा वर्षांचे म्हातारे पॉमेरेनियन. दोन्ही कुत्र्यांतील विषाणू त्या त्या घरच्या रुग्णाच्या विषाणूशी तंतोतंत जुळला. म्हणजे लागण माणसाकडून कुत्र्याला झाली होती.

तपासणी दोन प्रकारची असते. नाक-घशातील स्रावात विषाणूचे अंश मिळाल्यास लागण ताजी समजावी. रक्तजलात प्रतिपिंडे मिळाल्यास जनावर पूर्वी विषाणूच्या संपर्कात आले होते, एवढाच अर्थ घ्यावा. ते आज रोग पसरवीत आहे, असा नव्हे.

मांजरांना ही लागण कुत्र्यांपेक्षा सहज होते. कोंबड्या-बदकांना प्रयोगात ती झाली नाही. कुत्र्यांना टोचली जाणारी ‘कोरोना’ लस आतड्याच्या निराळ्या विषाणूवरील आहे. नावावर जाऊन पैसे घालवू नयेत.

रुग्णाने जनावराला जवळ घेऊ नये. त्याचे खाणेपिणे घरातील दुसऱ्याने पाहावे. जनावर खोकू लागले किंवा खाईनासे झाले तर पशुवैद्यकास बोलवावे आणि घरात रुग्ण असल्याचे आधीच सांगावे.