वहाणेचा डौल आणि पायाचे सुख

‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण वहाणेला तिची पायरी दाखविण्यासाठी वापरली जाते. परंतु दुकानात तीच वहाण आधी डोळ्यांत भरते आणि पायाचा विचार मागाहून होतो. स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष घडते. कारण त्यांच्या पादत्राणाकडे पाहणारे डोळे पुष्कळ, आणि ते घालून चालणारे पाय मात्र दोनच असतात.

बंगळूरात सकाळी कामाला निघालेल्या स्त्रीचा दिवस पाहावा. उंचसखल पदपथ, मेट्रोचे जिने, गर्दीतला उभ्याने प्रवास. आणि मग शाळेच्या वर्गात, दुकानाच्या गल्ल्यामागे किंवा तयार कपड्यांच्या कारखान्यात तासन्‌तास उभे राहणे. तीच स्त्री कमर्शियल स्ट्रीटवर जोडा घेते तेव्हा तो बसल्या जागी पायात घालते, आरशात पाहते आणि पसंत करते. ज्या कामासाठी तो घ्यावयाचा, त्याची परीक्षा होतच नाही.

मनुष्याच्या एका पावलात 26 हाडे असतात. सपाट भूमीवर उभे राहिले असता देहाचा भार टाच आणि चवडा यांत वाटला जातो. टाच उचलली गेली की तो भार पुढे सरकून चवड्यावर पडतो. जोड्याचे टोक निमुळते असेल तर बोटेही एकमेकांवर दाबली जातात. वर्षानुवर्षे हेच चालले की पोटरीचे स्नायू आखडतात, आणि अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येऊन अंगठा इतर बोटांकडे कलतो. त्यात गुडघे आणि कंबरही भरडली जातात. समारंभात दोन घटका उंच टाचेचा जोडा घातल्याने कोणाचे बिघडत नाही. तो रोजच्या कामाचा जोडा झाला म्हणजे बिघडते.

मग डौल आणि सुख यांचे हाडवैर आहे काय? त्याचे उत्तर कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमेवरच सापडते. कोल्हापुरी या नावाने जगाला ठाऊक असलेली चप्पल कोल्हापुराप्रमाणेच बेळगाव जिल्ह्यातील अथणी आणि निपाणी भागांतही घडते. 2019 साली तिला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे आहेत. त्याची जबाबदारी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. त्यांपैकी ‘लिडकर’चे मुख्यालय बंगळूरातच आहे.

बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, चामड्याच्याच दोऱ्याची शिवण, खिळ्याचा पत्ता नाही: अशी ही घडण. वरची नाजूक वेणी बहुधा घरातल्या बायकाच विणतात. तळ सपाट आणि बोटे मोकळी असतात. वापरता वापरता कातडे पायाचा आकार घेते. तिच्या डौलाविषयी शंका असेल, तर जून 2025 मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच वळणाच्या चपला आपल्या प्रदर्शनात मांडल्या, आणि आक्षेप निघाल्यावर त्यांची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले, हे स्मरावे.

तथापि हिलाही मर्यादा आहेत. नवी असताना ती चावते. तेल मुरवून, थोडी थोडी वापरून तिला मऊ करावी लागते. पावसात तिचे कातडे खराब होते. तिचा तळ कठीण व सपाट असल्यामुळे ज्यांची टाच दुखते त्यांना मऊ, उंचवट्याला आधार देणारा जोडाच हितकर. सर्व पायांना सुखावणारी अशी वहाण नाही. प्रत्येकीने आपला पाय ओळखावा, हेच खरे.

त्यासाठी काही साधे नियम पुरेत. खरेदी संध्याकाळी करावी. दिवसाच्या श्रमाने पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. माप मोठ्या पायाचे घ्यावे. उभे राहून अंगठ्यापुढे बोटभर जागा उरते की नाही ते पाहावे आणि दुकानातच दहा-वीस पावले चालावे. ‘वापराने सैल होईल’ या आश्वासनावर घट्ट जोडा घेऊ नये. एवढ्या कसोटीला उतरलेल्या जोड्यांतून मग रंग, वेणी, नक्षी मनमुराद निवडावी.

कारण डौल हा शेवटी चालण्यात असतो. दुखऱ्या पायाने लंगडत जाणारीला कितीही सुबक जोडा शोभा देत नाही. पायातली वहाण पायातच बरी, हे खरे. पण ती पायाला बरी वाटली पाहिजे.