ऑरियस : रोमच्या सत्तेची सुवर्णमुद्रा

प्राचीन रोमचे सुवर्णनाणे 'ऑरियस' या नावाने ओळखले जाते. हे नाव सोन्याच्या लॅटिन नावावरून आले असून, ज्युलियस सीझरने इ.स.पू. 46 मध्ये ही नाणी मोठ्या प्रमाणावर पाडल्यानंतर रोमच्या चलनात त्यांना कायमचे स्थान मिळाले. सुमारे 8 ग्रॅम वजनाच्या एका ऑरियसचे मोल 25 देनारियस, म्हणजे चांदीच्या 25 नाण्यांइतके असे. त्यामुळे मोठे व्यवहार, सैनिकांची बक्षिसे आणि धनसंचय यांसाठी ते विशेष उपयोगी पडे.

टाकसाळीत सोन्याची चकती दोन कोरीव ठशांच्या मध्ये ठेवून वरून हातोड्याचा घाव घातला जाई. साम्राज्यकाळात दर्शनी बाजूवर बहुधा सम्राटाचे मस्तक व त्याच्या पदव्या असत, तर मागील बाजू राज्यकर्त्याच्या राजकीय भूमिकेसाठी राखलेली असे. त्याआधीही, सीझरच्या हत्येनंतर, त्याच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसने पाडलेल्या नाण्यावर दोन खंजिरांच्या मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाची टोपी आहे, म्हणजेच ही हत्या रोमची मुक्ती होती असा त्याचा दावा आहे. तरीही दुसऱ्या बाजूला त्याने स्वतःचाच चेहरा कोरविला. पुढे सम्राटांपैकी ऑगस्टसने इजिप्त जिंकल्याची घोषणा मगरीच्या चित्राने केली, क्लॉडियसने ब्रिटनवरील विजयाची कमान दाखविली, तर नीरोने युद्ध नसतानाच बंद होणारी जेनस देवाच्या मंदिराची दारे कोरून आपल्या राजवटीत शांतता नांदत असल्याचे सांगितले. मात्र याच नीरोने इ.स. 64 च्या सुमारास ऑरियसचे वजन सुमारे 7.3 ग्रॅमपर्यंत उतरविले.

मिरी, मोती आणि तलम वस्त्रे यांच्या मोबदल्यात ही नाणी भारतात आली, आणि या व्यापारापायी भारत दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स, म्हणजे 5 लाख ऑरियसइतके धन ओढून घेतो, अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीने नोंदविली. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई येथे 1898 मध्ये 501 रोमन सुवर्णनाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या मस्तकावरच छिन्नीचा घाव आहे. ही नाणी चलनातून बाद करून केवळ सोने म्हणून ठेवली असावीत, असा तर्क अभ्यासक मांडतात. म्हणून ऑरियसकडे पाहताना सम्राटाच्या मुद्रेइतकेच त्या घावाकडेही लक्ष द्यायला हवे. कारण मुद्रेतून रोमने स्वतःविषयी काय सांगितले ते कळते, तर रोमच्या सीमेबाहेर त्या सांगण्याला किती किंमत होती, हे घावातून कळते.