मैलापाण्यावर पिकणारे मासे

आंघोळ झाली, भांडी घासली, की पाणी मोरीतून निघून जाते आणि आपण ते विसरून जातो. पण एका घराचे नव्हे, तर एका महानगराचे पाणी असे वाहून जात असेल, तर त्याचे पुढे काय होते? २०११च्या जनगणनेनुसार कोलकाता शहराची लोकसंख्या सुमारे ४५ लाख होती. या शहरातून रोज अंदाजे ७५ कोटी लिटर सांडपाणी बाहेर पडते. त्याचा मोठा भाग कोणत्याही यंत्राच्या मदतीवाचून शुद्ध होतो, आणि शुद्ध होता होता शहराला मासे, भाजीपाला आणि भातही देतो! हे कसे घडते, ते पाहू या.

नदीकडे पाठ असलेले शहर

कोलकाता हुगळी नदीच्या पूर्व काठावर वसले आहे. साहजिकच आपल्याला वाटेल, की शहराचे पाणी हुगळीत जात असेल. पण वर्षानुवर्षे पुरांनी आणून टाकलेल्या गाळामुळे नदीचा काठच उंच झाला आहे आणि जमिनीचा उतार आहे पूर्वेकडे, नदीपासून दूर. १८५५ साली विल्यम क्लार्क या अभियंत्याने गटारांची योजना आखली, ती हा उतार लक्षात घेऊनच. सांडपाणी पूर्वेच्या खाऱ्या दलदलीकडे न्यायचे आणि तेथून विद्याधरी नदीवाटे समुद्राकडे सोडायचे, अशी ती योजना होती.

पुढे विद्याधरी गाळाने भरत गेली. भरतीचे खारे पाणी दलदलीत येईनासे झाले आणि १९२८ साली ही नदी मृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. मग सांडपाण्यासाठी नवे कालवे काढून ते पूर्वेकडील कुलटी नदीत सोडण्याची व्यवस्था झाली. खाऱ्या पाण्यातील मासे गेले, तेव्हा तेथील मत्स्यपालकांनी १९३०च्या सुमारास एक धाडस केले. त्यांनी कालव्यातील सांडपाणी आपल्या तळ्यांत घेतले आणि त्यात रोहू, कटला, मृगळ असे गोड्या पाण्यातील मासे वाढवले. या तळ्यांना बंगालीत ‘भेरी’ म्हणतात.

तळ्यात काय घडते?

सांडपाण्यात सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात. जीवाणू हे पदार्थ कुजवतात, म्हणजे त्यांचे साध्या पदार्थांत रूपांतर करतात. या कामासाठी त्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. पाणी जितके घाण, तितकी प्राणवायूची मागणी अधिक. ही मागणी मोजून पाण्याची घाण ठरवता येते. प्राणवायू संपला, की वेगळ्या प्रकारचे जीवाणू काम हाती घेतात, पाणी काळे पडते आणि दुर्गंधी सुटते. शहरातील गटाराला वास येतो तो यामुळेच.

यांत्रिक शुद्धीकरण केंद्रात विजेवर चालणारे पंप पाण्यात हवा सोडतात. भेरीत हेच काम सूर्य करतो. तळे उथळ असते. पाणी जेमतेम कमरेएवढे किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे ऊन पाण्यात खोलवर पोचते. जीवाणूंनी मोकळे केलेले नत्र, स्फुरद आणि कार्बन डायऑक्साइड यांवर सूक्ष्म शैवाल वाढते. ते प्रकाशसंश्लेषण करते आणि प्राणवायू पाण्यात सोडते. तो प्राणवायू पुन्हा जीवाणूंच्या कामी येतो. अशी ही देवाणघेवाण चालते. उन्हातील जंबुपार किरण आणि शैवालामुळे दिवसा वाढणारी पाण्याची अल्कता यांमुळे रोगजंतूंची संख्याही घटते.

पण शैवाल बेसुमार वाढले तर? रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. शैवाल दाट असेल, तर पहाटेपर्यंत पाण्यातील प्राणवायू संपत येतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. येथे माशांची कामगिरी महत्त्वाची ठरते. काही मासे शैवाल आणि त्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी खाऊन त्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. सांडपाणी किती आणि केव्हा आत घ्यायचे, हे मत्स्यपालक पाण्याचा रंग व वास पाहून ठरवतात. तळ्याच्या काठाने ते जलपर्णीचा पट्टा राखतात. तो लाटांपासून बांध वाचवतो आणि पाण्यातील काही जड धातूही शोषून घेतो.

तळ्यातून निघालेले पाणी पुढे भातशेतीला मिळते. जवळच धापा येथे शहराच्या कचऱ्याच्या खतावर भाजीपाला पिकतो.

हिशेब जमिनीचा

मत्स्यपालकांना हे सारे अनुभवाने ठाऊक होते. त्याची शास्त्रीय संगती लावली ती ध्रुवज्योती घोष (१९४७–२०१८) यांनी. पश्चिम बंगाल सरकारच्या सेवेतील या अभियंत्याने १९८०च्या दशकात शहराच्या सांडपाण्याचा माग काढला आणि या क्षेत्राचा नकाशा तयार केला. शहर ज्याला पडीक दलदल समजत होते, ते त्याचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र होते!

तोवर बरीच पाणथळ जमीन गेली होती. १९६२ ते १९६७ या काळात हुगळीतील गाळ नळांवाटे आणून खारी सरोवरे बुजवली गेली आणि तेथे सॉल्ट लेक ही वसाहत उभी राहिली. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने उरलेल्या क्षेत्रात जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्राला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आणि २००६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला.

तरीही धोका टळलेला नाही. शहरालगतच्या जमिनीचे भाव चढतात, तेव्हा तळे बुजवून इमारत बांधण्याचा मोह होतो. कालवे गाळाने भरले, तर तळ्यांना पुरेसे सांडपाणी मिळत नाही. कारखान्यांचे पाणी त्यात मिसळले, तर प्रश्न आणखी बिकट होतो. कारण जीवाणू मैला कुजवू शकतात, पण क्रोमियम किंवा शिसे नाहीसे करू शकत नाहीत. तळे बुजले, की तेथील मासे तर जातातच, शिवाय पावसाळ्यात जास्तीचे पाणी सामावून घेणारी जागाही जाते. मग तेच काम करण्यासाठी शहराला वीज, यंत्रे आणि पैसा मोजावा लागतो.

करून पाहा

काचेच्या दोन रुंद तोंडाच्या बरण्या घ्या. दोन्हींत तळ्यातील हिरवट पाणी भरा व प्रत्येकीत चमचाभर शेण कालवा. तोंडाला पातळ फडके बांधा. एक बरणी उजेडात, दुसरी अंधाऱ्या कपाटात ठेवा. आठ-दहा दिवस रोज रंग आणि वास यांची नोंद करा. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायला विसरू नका. दोन बरण्यांत फरक दिसला, तर त्याचे कारण आता तुम्ही सांगू शकाल.

आणि आणखी एक काम. तुमच्या गावाचे सांडपाणी कोठे जाते, याचा शिक्षकांच्या मदतीने शोध घ्या आणि त्याचा नकाशा काढा. वाटेत एखादे तळे किंवा पाणथळ जागा लागली, तर ती पडीक आहे असे ठरवण्यापूर्वी ती कोणते काम करते, ते नीट पाहा.